तीन दिवसांच्या गोळ्या

नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, अजून उजाडायचं होतं,
ओझेलिन पेल्टिए दुकानाच्या दारात उभी.
बुटांवर बर्फ,
आणि तोंडात राग गुळणीसारखा धरलेला.

लुइस्टनच्या बुटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
तिनं चामड्याला टाके घातले.
बोटं अजून त्याच वळणात वाकलेली;
काउंटरवर कार्ड ठेवते तेव्हा
कार्डाआधी मला ती बोटंच दिसतात.

संगणकात नाव घातलं. असं कुणी नाही.
जन्मतारीख घातली. नाही.
आडनावातला एक 'एल' गाळून पाहिला,
तेव्हा सापडली,
पण अशा एका कंपनीच्या यादीत
जिचं नाव मीही त्याच सकाळी पहिल्यांदा वाचत होतो.

परवापरवापर्यंत हिच्या औषधांचे पैसे राज्य द्यायचं.
आता वॉशिंग्टन देणार,
म्हणजे कंपनी देणार,
म्हणजे कंपनीच्या यादीत औषध असलं तर.
कुठली कंपनी हे यंत्रानं ठरवलं,
चिठ्ठ्या टाकाव्यात तसं.
ऑक्टोबरात तिला पत्र आलं होतं, अठरा पानी.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा यायचा,
तिनं ते घडी करून फटीत कोंबलं.
खरं सांगतो, अठरा पानांचा याहून चांगला उपयोग
मलाही सुचला नसता.

स्क्रीनवर आकडा उमटला: दोनशे अडतीस डॉलर.
मी स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली,
पाहुण्यासमोर पावाची करपलेली बाजू
खाली करावी, तशी.

"मी काय केलं?" तिनं विचारलं.
काही नाही, मी म्हणालो.
"तेच म्हणते मी. मी काहीच केलं नाही."

फोनवर बासरी वाजत होती.
एक तास दहा मिनिटं बासरी,
आणि मधूनमधून एक बाई:
तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
समोर रांग दारापर्यंत गेलेली.
इन्सुलिनसाठी आलेला म्हातारा बूशे
दाराला टेकून उभा, टोपी हातात,
चर्चमध्ये उभा राहतो तसा.

माझ्या वडिलांची एक उधारीची वही होती,
गिरणीच्या संपाच्या हिवाळ्यातली.
तिच्यातल्या निम्म्या नावांपुढे
शेवटपर्यंत फुली पडली नाही.
आई त्यावरून बोलायची, जन्मभर.
मी नवी वही काढली.
पहिल्या ओळीवर लिहिलं: पेल्टिए, तीन दिवस.

तीन दिवसांनी यायची ती दुसऱ्या दिवशीच हजर.
मी बाटली हलवून पाहिली. रिकामी.
जास्त घेतल्यास की काय, मी घाबरून विचारलं.
ती दुकानातल्या पोस्टकार्डांकडे बघू लागली.
मग म्हणाली,
"वरच्या मजल्यावर आर्मों आहे.
त्याचंही कार्ड चालत नाही,
आणि त्याला जिने उतरवत नाहीत.
पायांचं पाणी काढायची गोळी आमची दोघांची एकच.
हृदयाचीही एकच, पण त्याची दुप्पट ताकदीची,
म्हणून त्याला दोन दिल्या."

आणि ही पांढरी?
"ती निम्मी केली. चामड्याची सुरी आहे माझ्याकडे,
रेघेवर चालते."

मी ओरडायला हवं होतं.
चार वर्षं कॉलेजात हेच शिकलो होतो,
कुठल्या गोष्टीवर ओरडायचं ते.
ती वाकडी बोटं काउंटरच्या कडेवर
शिवण तपासावी तशी पुढेमागे फिरत होती.
मी दुसरी बाटली घेतली,
वहीत दुसरी ओळ आखली
आणि विचारलं, त्याचं आडनाव काय?

"लाव्हर्दिएर," ती म्हणाली. "नीट लिही.
त्याचंही एखादं अक्षर हरवलं असेल तिकडे."

तेवढ्यात बासरी थांबली.
कानात खरी बाई, दमलेली, कुठल्या तरी उन्हाच्या गावातली:
सदस्याची जन्मतारीख सांगा.

मी विचारलं,
कुणाची?